म्हातारीचा सूड आणि घरांतलें मौन

ह्या मासिकाचीं पानें घरांतील लहानथोर सर्वांच्या हातीं जातात, आणि तीं तशीं जावींत हेंच त्यांचें भूषण आहे. अशा पानांवर एका निवृत्त शाळामास्तरानें सूडाच्या चित्रपटाविषयीं लिहावें, हें कित्येकांस प्रथमदर्शनीं रुचणार नाहीं. मलाहि तें सहजासहजीं रुचलें नाहीं. दोन वेळां लिहावयास बसलों आणि दोन्ही वेळां कागद बाजूस सारला. तिसऱ्या वेळीं लिहून काढलें. कां, तें लेख शेवटपर्यंत वाचणारास कळेल.

झालें तें असें. गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं दुपारीं आमच्या सूनबाई दूरचित्रवाणीवर ‘अज्जी’ नांवाचा हिंदी चित्रपट लावून बसल्या होत्या. नात शेजारीं खेळावयास गेली होती. “बाबा, तुम्हांला नाहीं सोसायचा हा,” असें सूनबाईंनीं मला आधींच बजावलें. परंतु नांव ऐकून आमच्या सौभाग्यवती आंत जाऊन बसल्या. आजीवरचा चित्रपट म्हणजे नातवंडांच्या कौतुकाचा असणार, अशी त्यांची समजूत. त्यांच्यामागून मीहि गेलों. पावणेदोन तासांनीं चित्रपट संपला, तेव्हां दुपारचा चहा कोणीं केलेला नव्हता, आणि तो मागावयाचें मलाहि सुचलें नव्हतें.

‘अज्जी’ चे दिग्दर्शक देवाशीष मखीजा. २०१७ सालीं दक्षिण कोरियांतील बुसानच्या चित्रपट-महोत्सवांत तो दाखविला गेला, आणि त्याच वर्षीं २४ नोव्हेंबर रोजीं आपल्याकडे प्रदर्शित झाला. भाषा हिंदी, पण स्थळ मुंबई, वस्ती गरिबांची, आणि कुटुंब मराठी. आजीची भूमिका सुषमा देशपांडे यांनीं केली आहे. ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा सावित्रीबाई फुले यांच्या जीवनावरील एकपात्री प्रयोग स्वतः लिहून ज्यांनीं ठिकठिकाणीं केला, त्याच ह्या बाई. मुलीच्या आईचें काम स्मिता तांबे यांनीं केलें आहे.

कथा थोडक्यांत अशी. एका अपुऱ्या खोलींत बाप, आई, आठ-दहा वर्षांची मंदा आणि आजी राहतात. आजी शिवणयंत्रावर चार पैसे मिळविते. गुडघ्यांच्या दुखण्यानें ती जवळजवळ अधू झालेली आहे. एके रात्रीं मंदा घरीं परतत नाहीं. आजी तिला शोधावयास निघते. सोबतीला असते ती वस्तींतली लीला, देहविक्रय करून पोट भरणारी स्त्री. नात सांपडते ती उकिरड्याजवळ, विद्ध पांखरासारखी. तिच्यावर काय ओढवलें असेल तें मी शब्दांनीं सांगत नाहीं. वाचक समजून घेतील.

पोलीस अधिकारी चौकशीला घरीं येतो. अपराधी हा वस्तीवर वजन असलेल्या एका राजकारणी घराण्यांतील धावले नांवाचा मुलगा आहे, हें कळतांच त्याची भाषा पालटते. तक्रार लिहून घेण्याऐवजीं तो ह्या कुटुंबालाच भय घालून निघून जातो. आईबाप दुष्ट नाहींत, निष्ठुरहि नाहींत. पण उद्यांची भाकर, हातची नोकरी, मुलीचें पुढलें आयुष्य आणि समोरच्याचें बळ, ह्या सर्वांचा हिशेब करून ते गप्प बसणें पत्करतात. जखमा घरच्या घरीं भराव्या, शेजाऱ्यांना कळूं नये, मुलीनें विसरून जावें. आजी मात्र मुलीच्या उशाशीं बसून राहते. ती ओरडत नाहीं, भांडत नाहीं, कोणाच्या दारीं दाद मागावयास जात नाहीं. ती पाहूं लागते.

येथून चित्रपटाची जी चाल आहे, ती आपल्याकडील सूडकथांहून अगदीं निराळी आहे. आपल्या बोलपटांतील नायकास अन्याय दिसला कीं तो पांच मिनिटांत दहाजणांस लोळवितो. ह्या नायिकेस धड चालतां येत नाहीं. रात्रीं ती भिंतीला धरून, पायरीपायरीवर थांबत, त्या मनुष्याच्या मागें जाते. तो कोठें बसतो, केव्हां एकटा असतो, काय पितो, हें ती टिपून ठेवते. मग ती एका खाटकाकडे जाते आणि मांस कसें कापावें हें शिकूं लागते. सुरीची धार कशी लागते, सांधा कोठें सुटतो, कोठें जोर लावावा आणि कोठें लावूं नये, हें सारें ती एखाद्या नव्या विद्यार्थ्याप्रमाणें मन लावून शिकते. जन्मभर कापड बेतून कापलेला हात तो. बेत केल्याखेरीज कात्री चालवूं नये, हें त्याला ठाऊक आहे. शेवट मी सांगत नाहीं. पण शेवट काय होणार हें प्रेक्षकास अर्ध्यावरच कळतें, आणि तरीहि तो हालूं शकत नाहीं. भय वाटतें तें ‘पुढें काय’ ह्याचें नसून ही सोशीक, घरगुती म्हातारी कोठवर जाणार, ह्याचें वाटतें.

ह्या चित्रपटाचा परिचय करून देतांना, ‘लाल टोपीवाली मुलगी’ ह्या युरोपीय परीकथेचें हें काळें रूप आहे, असें सांगण्यांत आलें होतें. ती कथा इंग्रजी वाचनमालांतून आपल्यापैकीं अनेकांनीं वाचलेली असेल. आजीकडे निघालेली मुलगी, रानांतला लांडगा, आणि आजीचें पांघरूण घेऊन बसलेला तोच लांडगा. फ्रेंच लेखक पेरो यानें १६९७ मध्यें ती छापली, तेव्हां आजी आणि नात दोघीहि लांडग्याच्या पोटांत जातात आणि कथा तेथेंच संपते. पुढें १८१२ मध्यें जर्मनीच्या ग्रिमबंधूंनीं तींत एक शिकारी आणला. तो लांडग्याचें पोट फाडून दोघींना सोडवितो. आतां चित्रपटाकडे पाहा. येथें शिकाऱ्याच्या जागीं गणवेशांतला अधिकारी आहे. तो येतो, लांडगा पाहतो, आणि माघारीं जातो. शिकारी माघारीं गेला, तर आजीनें काय करावें, एवढा एकच प्रश्न दिग्दर्शकानें विचारला आहे.

आपल्याकडे भोपळ्यांत बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट आहेच. तींतली म्हातारी कोल्ह्या-वाघांना युक्तीनें थोपविते. त्या गोष्टींत मुलांना गंमत वाटते, कारण म्हातारीचें शरीर दुर्बळ असून बुद्धि तल्लख आहे. ‘अज्जी’ मधील म्हातारी त्याच घराण्यांतली आहे. फक्त तिला घरीं पोहोंचावयाचें नाहीं, तर वाघाच्या गुहेंत शिरावयाचें आहे.

माझें मॅट्रिकनंतरचें शिक्षण संस्कृत पाठशाळेंत झालें. त्यामुळें कोणतीहि नाट्यकृति पाहिली कीं ती रसांच्या तराजूंत घालण्याची खोड मला आहे. भरतमुनींनीं रौद्रापासून करुणाची उत्पत्ति मानली आहे. क्रोधानें घात होतो आणि त्या घातांतून शोक जन्मतो, हा क्रम स्वाभाविकच आहे. ह्या चित्रपटांत तो उलटा फिरतो. येथें आधीं शोक आहे. त्या शोकाला कोठेंच वाट मिळत नाहीं, म्हणून त्याचा क्रोध होतो. पाणी तुंबलें म्हणजे कुजतें, तसा तुंबलेला शोक कुजून तयार झालेला हा रौद्र आहे. तो पाहून अंगांत वीरश्री संचरत नाहीं. पोटांत कालवतें.

माझे आक्षेपहि मीं येथेंच सांगितले पाहिजेत. बीभत्साचें प्रमाण कांहीं ठिकाणीं अनावर झालें आहे. अपराध्याची विकृति दाखविण्याकरितां कपड्यांच्या दुकानांतील पुतळ्याचा जो एक प्रसंग घातला आहे, तो इतका लांबविण्याचें कारण नव्हतें. सूनबाईंनीं तेवढ्यापुरता आवाज बंद केला. आपल्या जुन्या नाटककारांचा प्रघात असा कीं वध रंगभूमीवर दाखवूं नये, मध्यंतरींच्या प्रवेशांत कोणाच्या तरी मुखें तो कळवावा. भासाचें ‘ऊरुभंग’ हा त्यांतील ठळक अपवाद. तेथें दुर्योधन आपल्या डोळ्यांसमोर प्राण सोडतो. पण त्या अपवादांतहि मरणाऱ्याविषयीं करुणा आहे. ‘अज्जी’ मध्यें अपराध्याविषयीं लेशमात्र करुणा नाहीं, आणि हा चित्रपट मुलांनीं पाहण्याचा तर मुळींच नाहीं. घरांत लावावयाचा झाल्यास मुलें झोपल्यावरच लावावा.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. ह्या चित्रपटांतला लांडगा ओळखावयास फार सोपा आहे. तो उघड उघड माजलेला, व्यसनी, पैशानें व सत्तेनें आंधळा झालेला दिसतो. वस्तुतः अशा अपराधांतील अपराधी बहुतेक वेळां मुलाच्या ओळखीचाच असतो, हें सरकारी आंकडे वर्षानुवर्षें सांगत आले आहेत. तो काका, मामा, शेजारी, शिकवणीचा मास्तर, असा एखाद्या विश्वासाच्या नांवानें घरांत वावरत असतो. त्याच्या पाठोपाठ रात्रीं चालत जावें लागत नाहीं. तो आपल्याच पंक्तीला जेवावयास बसलेला असतो. तेथें म्हातारीची सुरी काय कामाची?

तरीहि चित्रपट मनांतून जाईना. दोन दिवसांनीं महाभारतांतील स्त्रीपर्व काढून बसलों, तेव्हां त्याचें कारण थोडेंसें उमगलें. सूड घेणारी वृद्धा म्हटली कीं आपल्यापुढें गांधारी उभी राहते. शंभर मुलगे रणांत पडलेले. तिच्या क्रोधाचा दाह असा कीं डोळ्यांवरील पट्टीच्या कडेतून दृष्टि पडतांच युधिष्ठिराच्या पायाचीं नखें काळवंडलीं, असें व्यास सांगतात. परंतु तिचा शाप कोणाला लागला? तिच्या मुलांना मारणाऱ्या भीमाला नव्हे. तो लागला श्रीकृष्णाला. तिचा आरोप असा होता कीं, हें सर्व थांबविण्याचें सामर्थ्य तुझ्या अंगीं होतें, आणि तूं उपेक्षा केलीस. त्या शापाला फळ येण्यास छत्तीस वर्षें लागलीं. मग यादवकुल आपापसांत लढून नष्ट झालें. जगाच्या वाङ्मयांत इतका सावकाश चाललेला सूड मला दुसरा माहीत नाहीं. आणि तो मारणाऱ्यावरचा सूड नव्हे. सामर्थ्य असून पाहत राहिलेल्यावरचा आहे. श्रीकृष्णानें काय केलें आणि कां केलें, हा विषय भक्तांचा व पंडितांचा. मी त्यांत शिरत नाहीं. ‘अज्जी’ ची सुरी धावलेवर उगारलेली असली, तरी चित्रपटाचा राग पाहत राहिलेल्यांवर आहे, एवढें मात्र तें पर्व वाचतांना माझ्या ध्यानांत आलें. आणि त्या पाहत राहिलेल्यांत मी बसतों.

१९९४ सालची गोष्ट. एका तालुक्याच्या गांवीं मी पांचवीच्या वर्गावर होतों. वर्गांत एक मुलगी होती. पाठांतरांत तिला जोड नव्हती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती बोलेनाशी झाली. उत्तर येत असून हात वर करीना. शाळा सुटली कीं इतर मुलें पळत सुटत. ही दप्तर भरून बांकावर बसून राही, जणूं घरीं जाण्याची वेळ होईल तितकी लांबवावी. एकदां शिपायानें खोली झाडतां झाडतां तिला उठविलें, तेव्हां ती दचकून भिंतीला जाऊन टेकली. मला संशय आला नव्हता असें म्हणेन, तर तें असत्य होईल. पण त्या घराचा गांवांत मान होता. मी भाड्याच्या खोलींत राहणारा, दोन मुलांचा बाप. आपण विचारावें आणि तसें कांहींच नसावें, तर? चित्रपटांतल्या आईबापांचा जो हिशेब वर सांगितला, तोच त्या वेळीं मींहि केला, आणि त्याला ‘दुसऱ्याच्या घरांत न डोकावण्याची सभ्यता’ असें नांव दिलें.

जानेवारींत तिची आजी शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आली. पाय ओढीत आली होती. दाखल्यावर शाळा सोडण्याचें कारण लिहावें लागतें. मीं विचारलें, “काय लिहूं?” ती म्हणाली, “गांव सोडतों म्हणून लिहा.” घर गांव सोडीत नव्हतें, एकट्या मुलीला मामाकडे धाडावयाचें ठरलें होतें, हें मला ठाऊक होतें. मीं चांगल्या अक्षरांत लिहिलें : ‘पालकांचें स्थलांतर’. दाखल्याची घडी घालून ती उठली आणि दारांत थांबून म्हणाली, “मास्तर, पोर रोज तुमच्या समोरच बसायची ना?”

मी “हो” म्हणालों. ती गेली. त्या घरांतून त्या मुलीला बाहेर काढणें एवढेंच त्या म्हातारीच्या हातीं होतें, आणि तेवढें तिनें केलें. माझ्या हातीं त्याहून अधिक होतें.

त्या काळीं बालकांसाठीं स्वतंत्र कायदा नव्हता, ही सबब मी स्वतःला देत असें. पोलीसचौकी होती, दंडसंहिताहि होती. पण आज तर ती सबबहि उरलेली नाहीं, आणि हें प्रत्येक घरांतील वडीलधाऱ्यांस नीट ठाऊक असावें म्हणून येथें सांगतों. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचें संरक्षण करणारा कायदा २०१२ सालीं झाला आणि त्याच वर्षीं १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. अठरा वर्षांखालील मुलगा वा मुलगी, दोघांनाहि तो लागू आहे. असा अपराध झाल्याचें ज्याला कळलें, त्यानें तो पोलिसांना कळविणें हें कर्तव्य आहे. न कळविल्यास शिक्षा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्याला रुचेल अशा ठिकाणीं घ्यावयाचा, शक्य तोंवर स्त्री-अधिकाऱ्यानें घ्यावयाचा, आणि घेणाराच्या अंगावर गणवेश असतां कामा नये. मुलाला रात्रीं पोलीसठाण्यांत ठेवतां येत नाहीं. मुलीची तपासणी स्त्री-डॉक्टरनेंच करावयाची, आणि त्या वेळीं आईबाप किंवा मुलीच्या विश्वासाचें माणूस जवळ असलें पाहिजे. साक्षीच्या वेळीं मूल आरोपीच्या नजरेस पडूं नये. त्याचें नांव कोठेंहि प्रसिद्ध होऊं नये. आणि खटला शक्यतों वर्षाच्या आंत पुरा व्हावा. अशी तक्रार नोंदून न घेणारा अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र होतो, ही तरतूद २०१३ मध्यें दंडसंहितेंत आली आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि ती कायम आहे. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा दूरध्वनि-क्रमांक आहे. ‘अज्जी’ आला तेव्हां पहिला कायदा होऊन पांच वर्षें लोटलीं होतीं. म्हणजे त्या खोलींत आलेला अधिकारी केवळ भित्रा किंवा लांचखाऊ नव्हे, तो स्वतःच गुन्हेगार ठरतो.

तेव्हां सूड योग्य कीं अयोग्य, ह्या वादांत मला फारसें बोलावयाचें नाहीं. तो अयोग्यच आहे. म्हातारी सुरी घेऊन निघाली म्हणून मंदाच्या जखमा भरत नाहींत, आणि ज्या घरांत असा सूड घेतला जाईल त्या घरांतलीं माणसें पुढें सुखानें निजतील असेंहि नाहीं. पण सूड कोठून उगवतो हें ज्याला पाहावयाचें असेल, त्यानें आजीच्या हातांतल्या सुरीकडे न पाहतां, त्यापूर्वीं त्या खोलींत किती लोक येऊन काय काय बोलून गेले, हें मोजावें.

आमच्या सौभाग्यवतींना गेलीं कांहीं वर्षें संधिवात आहे. चित्रपट पाहतांना त्या मधून मधून स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवीत होत्या. रात्रीं पानें घेतलीं, तेव्हां प्रथमच बोलल्या. “अहो, तिला तर चालवतसुद्धां नव्हतं. मग बाकीच्या धडधाकटांना काय झालं होतं?”

मीं उत्तर दिलें नाहीं. त्यांना ती १९९४ ची गोष्ट मीं कधीं सांगितली नव्हती; त्या रात्रीं सांगितली. एकत्र कुटुंबाचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावा. घरांत आजी-आजोबा असणें ही मुलांना मोठी पुण्याई आहे. पण ती पुण्याई आजी-आजोबांनीं ऐकून घेतलें तरच. मूल एखाद्याच्या घरीं जावयास नको म्हणूं लागलें, कोणाजवळ बसेनासें झालें, किंवा अडखळत कांहीं सांगूं लागलें, तर ‘मोठ्यांविषयीं असें बोलूं नये’ हें वाक्य आपल्या तोंडीं फार लौकर येतें. तें येऊं देऊं नये. सगळें ऐकून घ्यावें, मुलाला दोष देऊं नये, आणि पुढें काय करावयाचें तें करण्यास घराच्या अब्रूची आडकाठी आणूं नये, एवढी ह्या मासिकाच्या वाचकांस माझी विनंति आहे.

माझी ती विद्यार्थिनी आतां चाळिशी ओलांडलेली असेल. हा अंक तिच्या हातीं पडेल न पडेल. तिच्या दाखल्यावरचें कारण मीं खोटें लिहिलें होतें, एवढें येथें नमूद करून ठेवतों.